कालची प्रत

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीनं पात्र सोडलं आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांमधली माणसं जागी झाली तेव्हा घरात पाणी होतं. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात एसटीच्या गाड्या उभ्या जागी पाण्यात गेल्या. लोकांना काढायला बोटी आणाव्या लागल्या. काही जीव गेले, हजारो घरांत चिखल भरला.

त्या भागात माझे एक सर राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला होता: विदर्भातल्या गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या, उतरवून घ्यायच्या, कोणत्या गावात कोणता शब्द बदलतो ते नोंदवायचं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा अंगणात खाटेवर पुस्तकं वाळत होती आणि सर पायऱ्यांवर बसले होते. लॅपटॉप टेबलावर होता. टेबल पाण्यानं उलटलं, तो खाली गेला. बॅकअप होता. एक चांगली पोर्टेबल हार्डडिस्क, महिन्या-दोन महिन्यांनी आठवण झाली की सर तिच्यावर सगळं उतरवून घेत. ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती.

“घेतला नव्हता असं नाही रे,” सर म्हणाले. “घेतला होता.”

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वाचलं काय, तर ओव्यांच्या संग्रहाची सहा प्रकरणं. वर्ध्याला असलेल्या एका विद्यार्थिनीला त्यांनी ती तपासायला म्हणून मेल केली होती. तिच्या मेलबॉक्समध्ये ती होती, म्हणून आज आहेत. बाकीचं सरांनी वह्यांमधून आणि आठवणीतून पुन्हा उभं करायला घेतलं.

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती प्रत कशापासून वाचवणार आहे, हा प्रश्न आपण विचारत नाही. डिस्क बिघडू शकते. आपल्याच हातून फाइल पुसली जाऊ शकते, किंवा चुकीची जतन होऊ शकते. आणि डिस्क जिथं ठेवलीय ती जागाच आगीत, पाण्यात, चोरीत जाऊ शकते. ही तीन वेगळी संकटं आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. सरांकडे फक्त पहिल्याचा उपाय होता. तोही महिना-दोन महिन्यांचा शिळा.

प्रत जाणं आणि ती पुन्हा उभी करणं विदर्भाला नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्यानं जी लीळा पाहिली-ऐकली त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्या तोंडून ऐकायची, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायची आणि मग लिहायची, अशी त्यांची रीत होती. लीळाचरित्र असं तयार झालं. पुढे यादवांचं राज्य कोसळलं, धाडी आल्या, आणि महानुभाव परंपरा सांगते त्याप्रमाणे मूळ प्रत त्या धामधुमीत गेली. मग ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांनी तो पुन्हा सांगितला. हिराइसांचं नाव त्यात आदरानं घेतलं जातं. वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उतरला, म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ तयार झाले. विसाव्या शतकात हे पाठ शोधून, ताडून छापण्याचं मोठं काम नागपुरातच झालं. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ साली आली.

मला या इतिहासातला ‘पाठ’ हा शब्द फार उपयोगी वाटतो. एकाच ग्रंथाची एका विशिष्ट वेळची, विशिष्ट हातची अवस्था म्हणजे पाठ. चांगला बॅकअपही नुसती प्रत ठेवत नाही, तो पाठ ठेवतो: कालचा, परवाचा, गेल्या आठवड्याचा, गेल्या महिन्याचा. इथंच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून यावर थोडं थांबतो.

इतवारी-गांधीबागेतल्या कितीतरी दुकानांत संध्याकाळी शटर ओढण्याआधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला जातो. “भाऊ, आपलं रोजचं आहे, चुकत नाही,” असं एका कापड व्यापाऱ्यानं मला अभिमानानं सांगितलं, आणि त्यांचा अभिमान रास्त होता. रोजची शिस्त सोपी नसते. कंपन्यांसाठी तर ५ ऑगस्ट २०२२च्या नियमदुरुस्तीनं इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारकच केलं आहे. आधी तिथं ‘ठरावीक काळानं’ असं होतं. पण या व्यापाऱ्यांकडे पेन ड्राइव्ह एकच आणि त्यावर फोल्डरही एकच. रोज नवी प्रत जुन्या प्रतीवर बसते. सोमवारी कुणाच्या हातून एक खातं उडालं आणि ते गुरुवारी लक्षात आलं, तर तोवर पेन ड्राइव्हवर चुकीचीच प्रत तीनदा इमानानं उतरलेली असते. अशी प्रत म्हणजे आरसा आहे. आरशात आत्ताचं दिसतं, काल दिसत नाही.

गूगल ड्राइव्हसारख्या सेवांचंही असंच आहे. संगणकावरचं फोल्डर आणि तिकडचं फोल्डर एकसारखं ठेवणं हे त्यांचं काम. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, पण एकतिसाव्या दिवशी आठवलं तर काय? आणखी एक समज मला जवळजवळ प्रत्येक दुकानात भेटतो: “सी ड्राइव्हचं सगळं डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवलंय.” बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच कपाटाचे दोन कप्पे. कपाट गेलं की दोन्ही गेले.

आता प्रश्न असा की रोजचा पाठ वेगळा ठेवायचा तर जागा किती लागेल? समजा कामाच्या फाइली १०० जीबी आहेत. महिनाभर रोज एक पूर्ण प्रत ठेवली तर ३००० जीबी. सामान्य माणूस इथंच हात टेकतो. या अडचणीवर जे उत्तर सापडलं, ते मला संगणकशास्त्रातल्या सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं, आणि ते फुकट मिळतं.

त्याची सुरुवात १९९६ सालची. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी ऑस्ट्रेलियात आरसिंक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांना मोकळा करून दिला. प्रश्न साधा होता. दोन संगणकांवर एकाच मोठ्या फाइलच्या जरा वेगळ्या प्रती आहेत, मधली लाइन मंद आहे. सगळी फाइल न पाठवता फक्त बदललेला भाग कसा पाठवायचा? पण काय बदललं हे कळायला दोन्ही फाइली एका जागी हव्यात, आणि त्या एका जागी आणायच्या तर फाइल पाठवावीच लागते. हा पेच आहे.

आरसिंकनं तो बेरजेनं सोडवला. एक बाजू आपल्या फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची एक छोटी बेरीज काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला पाठवते. दुसरी बाजू आपल्या फाइलमध्ये त्या बेरजा कुठं जुळतात ते शोधते. पण मधे एक अक्षर जरी घुसलं असेल तर पुढचे सगळे तुकडे एका घरानं सरकतात, म्हणून प्रत्येक अक्षरापासून बेरीज करून पाहावी लागते. हे फार मोठं काम झालं असतं. इथं युक्ती आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या क्रेटची रांग लागलीय अशी कल्पना करा. पहिल्या चार क्रेटचं वजन २०, २२, १९ आणि २१ किलो, एकूण ८२. आता दुसऱ्या ते पाचव्या क्रेटचं वजन हवंय आणि पाचवं क्रेट २३ किलोचं आहे. चारही पुन्हा काट्यावर चढवायची गरज नाही. ८२मधून सुटलेले २० वजा करा, आलेले २३ मिळवा: ८५. एक वजाबाकी, एक बेरीज. रांग कितीही लांब असली तरी पुढं सरकायला एवढंच पुरतं. आरसिंकची बेरीज प्रत्यक्षात याहून जरा गुंतागुंतीची आहे, पण ती अशीच घरंगळत पुढं जाते. जिथं ती जुळते तिथं खात्रीसाठी दुसरी, जास्त कडक बेरीज तपासली जाते. जे जुळलं ते पाठवायचं नाही, उरलेलं तेवढं पाठवायचं. ट्रिजेल यांनी पुढं यावर पीएच.डी.चा प्रबंधच लिहिला.

घरातल्या घरात, संगणकाला जोडलेल्या डिस्कवर प्रत घेताना मात्र आरसिंक इतक्या खोलात जात नाही. फाइलचा आकार आणि ती शेवटची कधी बदलली ती वेळ, एवढंच पाहतो. दोन्ही तेच असतील तर पुढची फाइल. म्हणून पहिल्या दिवशी दोन-तीन तास लागले तरी दुसऱ्या दिवशी काम काही मिनिटांत आटोपतं. आणि नागपूरकरांच्या कामाची एक गोष्ट त्यात आहे: तो नवी फाइल आधी एका तात्पुरत्या नावानं लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवतो. मधेच लाइट गेली तर आधीची धड प्रत अर्धवट होत नाही.

जागेचा प्रश्न सुटतो तो मात्र दुसऱ्या एका जुन्या सोयीमुळे. तिला हार्ड लिंक म्हणतात. आपल्याला वाटतं, फाइलचं नाव म्हणजेच फाइल. तसं नसतं. डिस्कवर मजकूर एका जागी असतो आणि फोल्डर म्हणजे नुसती नावांची यादी असते. प्रत्येक नावापुढं मजकूर कुठं आहे त्याचा पत्ता. एकाच मजकुराला दोन, दहा, तीस नावं देता येतात. आजोळी जिला बेबी म्हणतात, शाळेत जी मंगला असते आणि सासरी सुनंदा, ती बाई एकच, तसंच. संगणक त्या मजकुराला किती नावं उरलीत ते मोजत राहतो आणि शेवटचं नाव पुसलं गेलं की मगच जागा मोकळी करतो.

आता रोज रात्री असं करायचं. आजच्या तारखेचं नवं फोल्डर उघडायचं. जी फाइल कालपासून बदलली नाही, तिची प्रत करायची नाही. कालच्या मजकुराला आजच्या फोल्डरात आणखी एक नाव द्यायचं. जी बदलली तेवढीच नव्यानं लिहायची. रोज २०० एमबी बदलत असतील तर तीस दिवसांनंतर डिस्कवर तीस फोल्डर असतात, प्रत्येक उघडलं तर त्यात पूर्ण १०० जीबी दिसतात, आणि सगळे मिळून जागा खातात साधारण १०६ जीबी. जुनं एखादं फोल्डर सबंध पुसलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, कारण मजकुराची इतर नावं शाबूत असतात. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा डिस्कची मोकळी जागा दोनदा तपासली होती.

आरसिंकमध्ये यासाठी एक स्विच आहे, आणि त्याच पायावर उभी राहिलेली तयार साधनं आहेत. लिनक्सवर आरस्नॅपशॉट हे त्यातलं जुनं आणि भरवशाचं. दर तासाच्या किती प्रती ठेवायच्या, रोजच्या किती, आठवड्याच्या किती, महिन्याच्या किती, एवढं एका साध्या फाइलमध्ये लिहून दिलं की झालं. खिडक्या-बटणं हवी असतील तर बॅक इन टाइम आहे. मॅकवर २००७पासून टाइम मशीन आहे. तो शेवटच्या चोवीस तासांचे तासागणिक पाठ ठेवतो, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे. विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी आहे, २०१२च्या विंडोज ८पासून. ती दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि नावापुढं तारीख-वेळ लिहून ठेवते. फक्त तिच्यात एक खड्डा आहे, तो सांगितलाच पाहिजे. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डरं धरते. आपल्याकडे कामाचं सगळं डी ड्राइव्हमधल्या एखाद्या फोल्डरात असतं. ते लायब्ररीत जोडलं नाही तर फाइल हिस्टरी वर्षानुवर्षं चालू राहते आणि नेमकं कामाचंच त्यात नसतं. विंडोजमधल्याच रोबोकॉपी या आज्ञेनं बरेच लोक बॅकअप घेतात. ती वेगवान आहे, पण तिचा मिरर स्विच वापरताना डोळ्यांत तेल घालून पाहावं: कुठून आणि कुठं यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क आपला रिकामेपणा कामाच्या फोल्डरावर उमटवते.

हार्ड लिंकच्याही मर्यादा आहेत. बाजारातून आणलेली पेन ड्राइव्ह किंवा पोर्टेबल डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा फॅट ३२ या पद्धतीनं आखलेली असते, आणि त्यांत एका मजकुराला दोन नावं देताच येत नाहीत. लिनक्सची ईएक्सटी ४ किंवा विंडोजची एनटीएफएस चालते. म्हणून डिस्क आधी फॉरमॅट करून घ्यावी, तेही ती रिकामी असतानाच. दुसरं, तीस नावांमागं मजकूर एकच आहे हे विसरू नये. बॅकअपच्या फोल्डरात जाऊन तिथलीच फाइल उघडून दुरुस्त केली तर तो बदल तिसही दिवसांच्या पाठांत जाऊ शकतो. बॅकअपमधलं फक्त वाचायचं. हवं ते बाहेर काढून घ्यायचं आणि मग त्यावर काम करायचं.

पण यंत्राचा खरा गुण मला यातल्या कशातच दिसत नाही. तो दिसतो ते रोज, न सांगता चालण्यात. सरांची डिस्क चांगली होती. तिला आठवण करून देणारं कुणी नव्हतं. युनिक्सच्या जगात १९७०च्या दशकापासून क्रॉन नावाचा एक मूक कामकरी आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरं भरून एक ओळ लिहून दिली की तो त्या वेळेला ते काम करतो. विंडोजमध्ये तेच काम टास्क शेड्युलर करतो. रात्री दोनची वेळ मात्र लावू नये. आपल्या घरातले संगणक रात्री बंद असतात, आणि साधा क्रॉन हुकलेली वेळ भरून काढत नाही. लिनक्सवर त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन आहे. टास्क शेड्युलरमध्ये वेळ हुकल्यास लवकरात लवकर काम चालवण्याची खूण आहे, ती करून ठेवावी. दुपारी जेवणाची वेळ सगळ्यांत चांगली. संगणक चालू असतो आणि माणूस उठलेला असतो.

आता तिसरं संकट उरलं, डिस्क जिथं ठेवलीय त्या जागेचं. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं डिजिटल छायाचित्रं सांभाळण्यावरच्या आपल्या पुस्तकात एक आडाखा दिला, तो आता जगभर तीन-दोन-एक या नावानं ओळखला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. सरांच्या घरी पहिल्या दोन प्रती एका टेबलाच्या वर-खाली होत्या. दुसरं ठिकाण म्हणजे इंटरनेटवरची जागा असू शकते, पण ती असलीच पाहिजे असं नाही. दोन डिस्क घ्याव्यात. एक घरी जोडलेली, दुसरी दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे. येणं-जाणं झालं की अदलाबदल. आपल्याकडे सणावाराला माणसं येतात-जातात, त्यांच्याबरोबर डबे जातात, लोणच्याच्या बरण्या जातात. त्यात एक डिस्क गेली तर ओझं होत नाही.

नागपुरात उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. बंद खोलीत, कूलर नसताना, दुपारी मोठी प्रत घ्यायला बसू नये. तेवढ्या दिवसांत सकाळची वेळ लावावी. एसएसडी पेटीत बंद करून वर्षानुवर्षं ठेवण्याचाही भरवसा धरू नये. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि उष्णतेत तो लवकर झिरपतो. घरगुती एसएसडीसाठीच्या उद्योगमानकात, आयुष्य संपत आलेल्या डिस्कनं विजेविना ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरावी, एवढीच अपेक्षा आहे. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत तापमान किती होतं हे इथं कुणाला सांगायला नको.

दुसऱ्या डिस्कचं आणखी एक काम आहे: ती जोडलेली नसणं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला. मर्स्क ही मोठी जहाज कंपनी त्यात सापडली आणि त्याचा फटका आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत आला. जेएनपीटीतल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. मर्स्कच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्यांच्यावर होता असे सर्व्हर जगभर अनेक ठिकाणी होते आणि ते एकमेकांच्या प्रती होते. पण ते सतत एकमेकांना जोडलेले होते, म्हणून एकापाठोपाठ सगळेच गेले. एक वाचला. घानामध्ये त्या वेळी वीज गेली होती आणि तिथला सर्व्हर बंद पडला होता. त्यावरून सगळं पुन्हा उभं राहिलं. आपली खंडणीखोर विषाणूंची भीती याच जातीची आहे. चोवीस तास जोडलेली बॅकअप डिस्क संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. बहिणीच्या कपाटातली होत नाही.

घानाची वीज जाणं, वर्ध्याला गेलेला मेल, हिराइसांची स्मरणशक्ती. तिन्ही ठिकाणी प्रत उरली ती मूळ प्रतीपासून सुटी होती म्हणून. पैकी हिराइसांची गोष्ट योगायोगाची नव्हती. त्या पंथात पाठांतर रोजचं होतं.

महानुभावांनी आणखी एक गोष्ट केली, तिचाही आपल्या विषयाशी संबंध आहे. ग्रंथ परक्या हाती जाऊ नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षरासाठी दुसरंच अक्षर. पंथाबाहेरच्या माणसाला त्या पोथ्या शेकडो वर्षं वाचता आल्या नाहीत. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली तेव्हा मराठी अभ्यासकांपुढं एक मोठं दालन खुलं झालं. पोथी सुरक्षित असणं आणि ती वाचता येणं या दोन गोष्टी आहेत.

आज नव्या लॅपटॉपची डिस्क बरेचदा आपोआप सांकेतिक केलेली असते. विंडोजच्या बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घराबाहेर एका ठिकाणी ठेवली नाही, तर डिस्क धडधाकट असूनही मजकूर हाती लागेलच असं नाही. आणि मराठीपुरता याहून मोठा धोका वेगळाच आहे. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टाइप केलं. नागपुरातल्या छापखान्यांनी आणि डीटीपी करणाऱ्यांनी दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ, कवितासंग्रह पेजमेकरमध्ये जुळवले. त्या फाँटांत मराठी अक्षराच्या जागी मुळात इंग्रजी अक्षराचा अंक साठवलेला असतो. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. मी अशा कितीतरी सीडी पाहिल्या आहेत ज्यांच्यावर फाइल आहे, नाव आहे, तारीख आहे आणि वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असा ठेवा आहे त्यांनी फाइलीच्या शेजारीच तो फाँट ठेवावा, एक पीडीएफ करून ठेवावी आणि शक्य असेल तिथं मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. हे काम आताच करायला हवं. ते फाँट वापरलेली, चुकीचं रूपांतर एका नजरेत ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत.

वाचता येतंय का, हे कळण्याचा मार्ग एकच: उघडून पाहणं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या संगणक-जगातल्या नावाजलेल्या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक-दोन नव्हे, पाच व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा एकही धड कामाला आली नाही. एक तर आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच बंद पडत होती आणि ती बंद पडल्याचे मेल कुणापर्यंत पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कुणी चाचणीसाठी सहज एक प्रत घेतली होती, त्यावर भागलं. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं. म्हणून आपण त्यापासून शिकू शकतो.

मी महिन्यातून एका रविवारी एवढंच करतो: बॅकअपमधलं कुठलंही एक जुनं फोल्डर निवडतो, त्यातल्या पाच-सहा फाइली वेगळ्या ठिकाणी काढून घेतो आणि उघडून वाचतो. पंधरा मिनिटं लागतात.

पुरानंतरच्या डिसेंबरात सरांच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी हे सगळं बसवून दिलं. दुपारी दीडला प्रत घेतली जाते. डिस्क आता वरच्या मजल्यावर असते. दुसरी डिस्क वर्ध्याच्या त्या विद्यार्थिनीकडे, तिच्या आईच्या कपाटात. ती नागपूरला आली की अदलाबदल होते आणि सर वहीत तारीख लिहितात.

पुढच्या पावसाळ्यात सरांचा फोन आला. एका ओवीतला शब्द त्यांना प्रमाद वाटला होता, त्यांनी तो सुधारून घेतला होता. नंतर एका म्हाताऱ्या बाईनं तीच ओवी म्हटली आणि सर चपापले. आपण आधी काय लिहिलं होतं? वहीतलं ते पान पुरानंतर वाचता येत नव्हतं. टाइप करताना त्यांनी ते लावून घेतलं होतं, पण ती फाइल तर आता बदललेली.

“सर, बदल कधी केला?”

“जूनमध्ये कधीतरी.”

“मग मे महिन्याचं फोल्डर उघडा. फाइल तिथं बदलू नका, बाहेर घ्या.”

फोन चालूच होता. माउसचा आवाज येत होता. मग सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

“आहे,” ते म्हणाले. “आधीचाच शब्द बरोबर होता. पण नवाही राहू दे, दुसऱ्या गावात तो तसाच म्हणतात.” आणि त्यांनी तळटीपेत दोन्ही पाठ लिहून घेतले.